पेडलवरचा पाय

१

दुसऱ्याच्या बुडाची ऊब लागलेल्या खुर्चीत बसायचं म्हटलं की मला किळस येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ऑफिसात मला पाठीमागे किळसराव म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. माझ्या खिशात कायम एक जास्तीचा रुमाल असतो. कुणाचा घामेजलेला हेडसेट हातात आला की मी आधी तो पुसतो, मग हात पुसतो, मग रुमालाची घडी उलटी करतो. बायको म्हणते, तुम्ही लग्न केलंत हेच नवल.

माझं काम हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर. आधी मी खरी हेलिकॉप्टरं उडवायचो, मग नवीन पोरांना शिकवायला लागलो, आणि पाठ कामातून गेल्यावर मला या बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये आणून बसवलं. हॉलच्या मधोमध एक कॉकपिट आहे. त्याला ना पंखे, ना शेपूट, ना इंधन. समोरच्या पडद्यावर डोंगर, ढग, पाऊस असं सगळं दिसतं आणि आत बसलेल्याला आपण हवेत आहोत असं वाटतं. मी मागच्या टेबलाशी बसून त्याच्या वाटेत संकटं पेरतो. पगारी सासूच म्हणा ना.

आत बसलेला प्रत्येक वैमानिक सगळ्यात आधी सीट आणि पायाखालची पेडलं आपल्या मापाची करून घेतो. उंच माणूस पेडलं लांब सारतो, बुटका जवळ ओढतो. संध्याकाळी जाताना मी दोन्ही मधल्या खुणेवर आणतो, दाराला कुलूप घालतो आणि सकाळी येऊन पुन्हा तपासतो. गरज नसते, पण तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या सोमवारी सकाळी सीट पार वर होती आणि पेडलं येतील तेवढी जवळ ओढलेली होती.

सफाईच्या मावशींना हाक मारली. त्या दारातूनच म्हणाल्या, मी कशाला त्या डबड्यात शिरू, मला नुसतं बघूनच चक्कर येते. खोटं बोलायचं त्यांना काही कारण नव्हतं. मी पुटपुटत आत वाकलो, सीट खाली करायला हात टेकवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. सीट गरम होती. आत्ताच कुणीतरी उठून गेलं असावं, तशी.

मी हात दोनदा धुतला.

२

त्याच्या काही आठवडे आधी आमच्या तळावरचं एक हेलिकॉप्टर डोंगरकड्यावर पडलं होतं. मागे जवान होते, पुढे नकाशा आणि रेडिओ सांभाळणारा सहवैमानिक होता, आणि चालवत होती टाचणी. कुणीच वाचलं नाही.

टाचणी हे नाव मीच ठेवलेलं. अंगाने एवढीशी आणि बोलणं टोचणारं. माझ्याच हाताखाली शिकली. तिच्या मापाचे बूट भांडारात कधीच नसायचे, मग ती मोठे बूट घालून लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळून घट्ट बांधायची. सीट पार वर, पेडलं पार जवळ. सर, एकदा पाय पोचले की मी कुणाच्या बापाला भीत नाही, असं म्हणायची. एकदा माझ्याच रुमालाने नाक पुसून तिने तो मला हसत हसत परत केला होता. मी तो तिच्यासमोर कचऱ्यात टाकला. आता तो ठेवायला हवा होता असं वाटतं.

हेलिकॉप्टर हवेत एकाएकी गरगरायला लागलं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. अशा वेळी डावं पेडल दाबून धरायचं असतं, म्हणजे शेपटीचा पंखा ते गरगरणं थांबवतो. अपघातातून वाचलेल्या नोंदपेटीत दिसत होतं की डावं पेडल जागचं हललंच नव्हतं. चौकशी समिती म्हणाली, पोरगी घाबरून गोठली, तिने पेडल दाबलंच नाही. मी म्हणत होतो, तिने दाबलं, पण ते अडकलेलं होतं. पेडल किती सरकलं ते पेटी नोंदवते, त्यावर कुणी किती जोर लावला ते नोंदवत नाही. पेडलापासून शेपटीपर्यंतचे दांडे जळून एकमेकांत वितळले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती.

कॉकपिटमधले आवाज टिपणाऱ्या टेपवर तिचा शब्द नव्हता. होता तो फक्त दात आवळून रोखलेला श्वास, जड कपाट ढकलताना माणूस घेतो तसला. समितीने त्याला भीती म्हटलं.

पेडल अडकतं असं मान्य केलं तर त्या जातीची, चौकशीपुरती थांबवलेली सगळी हेलिकॉप्टरं कायमची जमिनीवर उभी करावी लागली असती. ती कुणी पसंत केली, कुणी तपासली, कुणी ठीक म्हणून पुढे धाडली, ही सगळी नावं निघाली असती. त्यापेक्षा मेलेल्या पोरीच्या डोक्यावर खापर फोडलं की सगळे मोकळे. ती काही उठून बोलणार नव्हती.

तिकडे एका जवानाची आई टाचणीच्या घरी जाऊन दारात ओरडून आली, तुमच्या पोरीने माझा पोरगा खाल्ला. तेव्हापासून टाचणीची आई घराबाहेर पडली नव्हती, खिडक्यासुद्धा उघडू देत नव्हती. हे मला तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात अशा आवाजात.

३

समिती माझ्या हॉलमध्ये ठाण मांडून बसली. तोच अपघात सिम्युलेटरमध्ये भरायचा, चांगले वैमानिक आणून बसवायचे आणि त्यातल्या कुणीही हेलिकॉप्टर वाचवलं असतं हे सिद्ध करायचं, असा बेत. वैमानिक आले, बसले, गरगरणं सुरू झालं की त्यांनी डावं पेडल दाबलं आणि ते सुखरूप उतरले. समितीतली माणसं माना डोलावत बिस्किटं खात होती. अध्यक्ष बिस्किट चहात इतका वेळ बुडवायचे की ते तुटून पडायचं, मग बोटाने तळातला लगदा काढून चाटायचे आणि त्याच बोटाने माझ्या टेबलावरची बटणं दाखवायचे. मी जीव मुठीत धरून बघायचो.

मी त्यांना म्हणालो, साहेब, हे यंत्र आपण भरलं तेवढंच दाखवतं. अडकलेलं पेडल मी यात भरलेलंच नाही. मग कुणीही वाचणारच.

"मग भरूही नका," अध्यक्ष म्हणाले आणि बोट चाटलं.

इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती बिस्किटाची नव्हती.

सकाळचा प्रकार मात्र थांबला नाही. कुलूप मी लावायचो, किल्ली माझ्या खिशात, तरी सकाळी सीट वर, पेडलं जवळ आणि गादी गरम. मी स्वतःला समजावलं की आत कुठेतरी वायर तापत असेल. तेव्हा हॉलच्या विजेचा मुख्य खटका पाडून गेलो. सकाळी अंधारात चाचपलं तरी गादी तेवढीच गरम. मग गादीवर कोरा कागद घट्ट चिकटवून गेलो, म्हटलं उंदीर, मांजर, काय असेल ते कळेल. सकाळी कागद मधोमध दबलेला होता आणि ओलसर होता. मी तो दोन बोटांच्या चिमटीत उचलला. त्याला रॉकेलसारखा वास येत होता, विमानाच्या इंधनाला येतो तो. या हॉलमध्ये इंधनाचा थेंब कधी आलेला नाही.

मी तो कागद पिशवीत घालून बाहेरच्या डब्यात टाकून आलो. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, आज जेवणाला नाक का मुरडताय. मी म्हणालो, कामावरचा वास डोक्यात बसलाय. ते खरंच होतं.

४

टाचणीच्या वडिलांनी समितीला पत्रावर पत्रं धाडली होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, बोलवा त्यांना, स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत म्हणजे एकदाचं मिटेल.

वडील आले. लेकीएवढेच लहान, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. मी त्यांना काका म्हणून कॉकपिटमागच्या स्टुलावर बसवलं आणि कानाला लावायला एक हेडसेट पुसून दिला. चालवायला बांबू होता. हाही माझाच विद्यार्थी, ताडमाड आणि शांत. या प्रयोगात तो आधी सहज उतरला होता. आत बसताना त्याने सीट खाली घेतली, पेडलं लांब सारली. बसल्याबसल्या त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मी नजर चुकवली.

पडद्यावर डोंगर आला. मी गरगरणं सुरू केलं. बांबूने डावं पेडल दाबलं.

काहीच झालं नाही. पडदा फिरत राहिला. बांबू सीटमध्ये मागे रेटला जाऊन पाय ताणत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी टेबलावर पाहिलं, पेडलाचा काटा जागच्या जागी होता. हेडसेटमध्ये दात आवळून रोखलेला श्वास ऐकू येत होता. मला वाटलं बांबूच आहे. मग बांबू ओरडला, "सर, पेडल हलत नाहीये," आणि तो ओरडत असतानाही श्वास तसाच चालू होता.

काकांनी हेडसेट दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला.

पडदा काळा झाला. बांबू बाहेर आला तो सरळ कोपऱ्यातल्या बादलीपाशी जाऊन ओकला. मी पाठ चोळायला गेलो, हे माझ्याकडून कसं झालं कोण जाणे. तो तोंड पुसत हळू आवाजात म्हणाला, "सर, माझ्या बुटाखाली पेडल नव्हतं. दुसरं काहीतरी होतं."

अध्यक्षांनी हा प्रयोग धरायचा नाही असं जाहीर केलं. यंत्र बिघडलं, बस. मग काकांकडे वळून ते गोड आवाजात म्हणाले की आधीचे सगळे वैमानिक सुखरूप उतरले होते. काकांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ते छत्री घेऊन माझ्याजवळ आले.

"तिची आई एकच विचारते," ते म्हणाले. "शेवटी तिने पाय काढून घेतला होता का? माणसं पडत असताना ती नुसती बसून राहिली का? तेवढं सांगता आलं तर बघा."

मी म्हणालो, सांगतो काका, थोडे दिवस द्या. ते गेले. कानाला लावलेला हेडसेट ते नीट पुसून, वायर गुंडाळून ठेवून गेले होते.

५

दुसऱ्या दिवशी समिती यायच्या आत मी यंत्र उघडलं. खालचा पत्रा काढला, दांडे पाहिले, वंगण पाहिलं. डावं पेडल बोटाने ढकललं तरी सर्रकन जात होतं. बिघाड नव्हता. माझं डोकं सांगत होतं की बांबू दमला असेल, घाबरला असेल, त्याने पोरीचं मनाला लावून घेतलं असेल. थोडक्यात, समिती टाचणीबद्दल जे म्हणत होती तेच मी बांबूबद्दल म्हणायला लागलो होतो. माझं मलाच कसंतरी झालं.

म्हणून मी आत बसलो. रुमाल अंथरला, त्यावर दुसरा अंथरला आणि त्यावर बसलो. तरी ऊब वर आलीच. ती चांगली ऊब नव्हती. तापाने फणफणलेल्या माणसाच्या गादीला असते तशी, दमट. नाकात रॉकेल. मी डोळे मिटले आणि दोन्ही पाय पेडलांवर ठेवले.

उजवीकडे थंड धातू लागला. डावीकडे बूट लागला.

माझ्या तळव्याखाली एका छोट्या पावलावरचा मोठा बूट होता. तो पुढे रेटत होता, सगळा जीव एकवटून, आणि त्या जोराने थरथरत होता. मी बोटाने ढकललेलं ते पेडल आता भिंतीसारखं घट्ट होतं, आणि त्या भिंतीवर कुणीतरी दाबत होतं, दाबतच होतं, थांबत नव्हतं. खुंटीवर टांगलेल्या हेडसेटमधून श्वास येत होता. त्याची वायर मी सकाळीच काढून ठेवली होती.

खाली बघायचं धाडस मला झालं नाही. मी म्हणालो, "टाचणे, पुरे. सोड." शिकवताना म्हणायचो तसंच. ती शिकतानाही माझं ऐकत नसे. पाऊल आणखी जोरात रेटलं.

मी धडपडत बाहेर पडलो. रुमाल आतच राहिले.

६

अहवालावर सह्या करायची बैठक भर दुपारी झाली. लांब टेबल, गालिचा, पाण्याचे ग्लास, मध्ये बिस्किटांची बशी. साक्षीदार म्हणून मी होतो आणि बांबूही होता. अध्यक्ष मोठ्याने वाचत होते आणि बाकीचे घड्याळं बघत होते.

वाचता वाचता ते त्या वाक्यावर आले. आणीबाणीच्या क्षणी वैमानिकाने डावं पेडल दाबलं नाही. तिथे त्यांचा आवाज अडला. त्यांनी घसा खाकरला आणि वाक्य पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. कपाळावर घाम आला. शेजारच्या सदस्याने खुर्ची कचकन मागे घेतली, मग त्याच्या शेजारच्याने. समितीतल्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. खोलीत रॉकेलचा वास पसरला होता आणि एकही जण त्याबद्दल बोलत नव्हता.

मी पेनाचं टोपण पाडलं आणि उचलायला म्हणून वाकलो.

टेबलाखाली चकचकीत बुटांची रांग होती. प्रत्येकाने डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला होता. अध्यक्षांचा तेवढा पुढे राहिला होता, कारण त्यांना तो ओढता येत नव्हता. त्यांच्या बुटावर भांडारातला एक मोठा बूट टेकलेला होता, करपलेला, कडेने काळं काही गालिच्यावर ठिबकत होतं. नाडी घोट्याभोवती गुंडाळून घट्ट बांधलेली. घोट्याच्या वर टेबलाची सावली होती आणि तिच्यात मी पाहिलं नाही. बूट दाबत होता.

मी सरळ बसलो. अध्यक्ष माझ्याकडेच बघत होते. मला दिसलं हे त्यांना कळलं होतं.

"तुमचं काही म्हणणं?" त्यांनी विचारलं.

"तिने पेडल दाबलं होतं," मी म्हणालो. "ते अडकलेलं होतं."

"कशावरून म्हणता?"

"तुमच्या डाव्या पायावरून, साहेब."

कुणी हसलं नाही, कुणी मला वेड्यात काढलं नाही. तिथेच मला खरी भीती वाटली. त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. वायर तापली, यंत्र बिघडलं, पोरगा घाबरला, यातलं काहीच आता उरलं नव्हतं. मला वाटलं आता तरी कुणीतरी तोंड उघडेल.

अध्यक्ष ग्लासभर पाणी प्याले.

"वाक्य आहे तसं राहू द्या," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. कागद पुढे सरकला. डॉक्टरांनी एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने सही केली. बाकीच्यांनी केली. बांबूकडे कागद आला तेव्हा त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याची बायको पोटुशी आहे हे मला ठाऊक होतं. त्याने सही केली. मी खाली लिहिलं, मला मान्य नाही, पेडल अडकलेलं होतं, आणि कागद परत सरकवला. अध्यक्षांनी तो न वाचता पाकिटात घातला.

जाताना ते लंगडत होते. त्यांच्या डाव्या बुटाचं चामडं वर चेपून आत गेलं होतं. टेबलाच्या मध्याशी थांबून त्यांनी बशीतलं उरलेलं बिस्किट उचललं आणि तोंडात टाकलं.

गालिच्यावरचा डाग मावशींनी साबण लावून घासला, सोडा लावून घासला. तो निघाला नाही.

७

मी काकांना फोन केला. म्हणालो, तिने पाय काढला नव्हता, शेवटपर्यंत दाबत होती. अहवालात तसं येणार नाही, पण मी सांगतोय. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. मी म्हणालो, काका, मी त्या पायावर पाय ठेवलाय.

ते म्हणाले, थांबा, तिच्या आईला देतो. आईने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. पलीकडे खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. आता ती पोरगी थांबेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडून दिवे लावले. सीट पार वर होती, पेडलं जवळ होती. मी आत वाकून हात टेकवला. गादी गरम होती.

का थांबली नाही, हे कळायला मला बाहेरचा आवाज ऐकावा लागला. अहवाल आला, दोष वैमानिकाचा ठरला, म्हणजे हेलिकॉप्टरं निर्दोष. त्या जातीची सगळी त्या सकाळपासून पुन्हा उडायची होती. धावपट्टीवर पहिलं सुरू झालं होतं, पत्र्याचं छप्पर थरथरत होतं. त्यात कोण बसलंय ते मला भिंतीवरच्या उड्डाणांच्या फळ्यावर दिसत होतं. बांबू.

मी नियंत्रण मनोऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, त्याला थांबवा. पलीकडचा म्हणाला, कुणाच्या आदेशाने? मी म्हणालो, पेडल अडकतं. त्याने फोन ठेवला.

मी सीट खाली घेतली नाही, पेडलं मागे सारली नाहीत. तसाच, गुडघे हनुवटीशी घेऊन, त्या ओल्या उबेत बसलो. रुमाल खिशात होता, तो काढला नाही. डावा पाय ठेवला. खालचं पाऊल थरथरत होतं, आता बांबूसाठी. आवाज छपरावरून वर चढला, डोंगराच्या बाजूला वळला, आणि मी तिच्या पावलावर सगळा भार देऊन दाबायला लागलो.